विश्लेषण : प्लेगने की मेंढ्यांनी? इंग्लंडमधलं व्हॅरम पर्सी गाव कशामुळे उठलं? तिथली शेतं आणि घरं काय सांगतात?

मध्ययुगीन युरोपातल्या सामान्य शेतकऱ्याचं घर म्हणजे चार दिवसांची झोपडी, आणि त्याचं गाव संपवलं ते प्लेगने. हे दोन समज बरीच वर्षं पक्के होते. ४० वर्षं चाललेल्या एका उत्खननाने दोन्ही मोडीत काढले.

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशरमध्ये खडूसारख्या पांढऱ्या दगडाचं एक पठार आहे. त्याला यॉर्कशर वोल्ड्स म्हणतात. तिथल्या एका दरीत छप्पर नसलेलं, अर्धा मनोरा ढासळलेलं जुनं चर्च उभं आहे. शेजारी एक तळं आहे आणि वरच्या अंगाला गवताळ माळ. लांबून पाहिलं तर माळावर काहीच दिसत नाही. पण सूर्य कलला आणि सावल्या लांबल्या की गवताखालून चौकोन, रस्ते, बांध आणि अंगणं उमटू लागतात. हे आहे व्हॅरम पर्सी, मध्ययुगात नांदतं असलेलं आणि सुमारे ५०० वर्षांपूर्वी उठलेलं गाव.

इंग्लंडमध्ये अशी उठलेली सुमारे ३ हजार मध्ययुगीन गावं आता माहीत आहेत. त्यातलं सर्वात बारकाईने अभ्यासलं गेलेलं गाव म्हणजे व्हॅरम पर्सी.

उत्खनन कुणी आणि का सुरू केलं?

मॉरिस बेरेसफर्ड हे लीड्स विद्यापीठात आर्थिक इतिहास शिकवायचे. जुने नकाशे आणि कागदपत्रं चाळताना त्यांना अशा गावांची नावं सापडत होती, जी आजच्या नकाशावर कुठेच नव्हती. त्या काळी अनेक इतिहासकारांचं मत होतं, की इंग्लंडमध्ये उठलेली गावं अगदीच तुरळक आहेत. बेरेसफर्ड प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहू लागले. १९४८ मध्ये ते व्हॅरम पर्सीला पोहोचले आणि १९५० च्या उन्हाळ्यात त्यांनी तिथे पहिली कुदळ मारली.

लवकरच पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांच्यासोबत आले. एक कागदपत्रांचा माणूस, दुसरा मातीचा. या जोडीने १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात काही आठवडे इथे काम केलं. खोदणाऱ्यांमध्ये विद्यार्थी आणि हौशी स्वयंसेवकांचा मोठा भरणा असे.

सुरुवातीला नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे भिंत कुठे जाते ते शोधत खड्डे घेतले गेले. पण शेतकऱ्याच्या घराची भिंत किल्ल्याच्या तटासारखी जाडजूड नसते. चार दगड इकडे, मातीचा डाग तिकडे, एवढाच तिचा मागमूस उरतो. अरुंद चरातून त्याचा अर्थ लागत नाही. डेन्मार्कमध्ये नवी पद्धत शिकून आलेल्या जॅक गोल्सन यांच्या पुढाकाराने १९५३ च्या सुमारास इथे पूर्ण घर एकदम उघडं करायला सुरुवात झाली. मातीचा एकेक थर संपूर्ण अंगणावरून सोलून काढायचा आणि प्रत्येक दगडाची नोंद करायची. काम संथ चालायचं, पण घराचा पूर्ण आराखडा एका नजरेत दिसायचा. मध्ययुगीन खेड्यांच्या अभ्यासासाठी ही पद्धत पुढे ब्रिटनमध्ये रुळली.

गवताखालचे उंचवटे कसे वाचायचे?

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. व्हॅरम पर्सीतही असेच दोन भाग स्पष्ट दिसतात.

पांढरीत घरठाणांच्या ओळी आहेत. प्रत्येक कुटुंबाला एक लांबट तुकडा. त्याच्या पुढच्या भागाला ‘टॉफ्ट’ म्हणत. तिथे राहतं घर, धान्याचं कोठार, गोठा आणि अंगण असे. मागच्या लांब पट्ट्याला ‘क्रॉफ्ट’ म्हणत. हा आपल्या परसासारखा भाग. तिथे भाजीपाला लावत किंवा जनावरं बांधत. प्रत्येक तुकड्याभोवती मातीचा बांध आणि बहुधा चर. आज गवताखाली उंचवट्यासारखे दिसतात ते हेच बांध.

हे तुकडे वेडेवाकडे वसलेले नाहीत, एका रांगेत आहेत. म्हणजे कधीतरी कुणीतरी बसून गावाची आखणी केली होती. त्यातही काही हद्दी मध्ययुगाच्या कितीतरी आधीच्या, अगदी रोमन काळाच्याही पूर्वीच्या शेतांच्या रेषांवर बेतलेल्या निघाल्या. नवं गाव जुन्या बांधांवर बसलं होतं. एका शेतकऱ्याच्या घरठाणाखाली तर बाराव्या शतकातल्या जमीनदाराच्या दगडी वाड्याचं तळघर सापडलं. वाडा दुसरीकडे गेला आणि त्याच्या जागेवर कुळांना घरं बांधायला जागा मिळाली.

उकिरडाही बोलतो. शेतकरी घरातला केरकचरा आणि शेण उकिरड्यावर टाकत आणि खत म्हणून शेतात नेत. त्यासोबत फुटक्या मडक्यांची खापरंही शेतात जात. त्यामुळे नांगरलेल्या रानात खापरं कुठवर विखुरली आहेत हे मोजलं, की कोणत्या काळात किती लांबपर्यंत खत घातलं जात होतं याचा अंदाज येतो.

एकर आणि क्रिकेटच्या पिचचा इथे काय संबंध?

गावाबाहेरची शेतं मोठी आणि उघडी असत. प्रत्येक शेत अरुंद, लांब पट्ट्यांत वाटलेलं, आणि एका कुटुंबाचे पट्टे वेगवेगळ्या जागी विखुरलेले. चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी, हा त्यामागचा एक हेतू मानला जातो. दरवर्षी रानाचा एक भाग पड ठेवत आणि त्यावर गावाची जनावरं चरत. म्हणजे काय पेरायचं, कधी कापायचं आणि गुरं कधी सोडायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागे.

या पट्ट्यांचे ठसे इंग्लंडच्या कुरणांत आजही दिसतात. ते पाहून उसाच्या सरी-वरंब्याची आठवण होते, पण इथला एकेक वरंबा अनेक मीटर रुंद असतो. कारण नांगरात आहे. त्या काळचा जड नांगर माती एकाच बाजूला उलथवायचा. पट्ट्याच्या मधून सुरुवात करून गोल गोल नांगरत गेलं, की दरवर्षी थोडी माती मध्याकडे सरकायची. कित्येक पिढ्यांनी मधे उंच पाठ तयार झाली आणि दोन पट्ट्यांमध्ये पाणी वाहून जायला सरी.

असे बरेच पट्टे सरळ नसून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळलेले आहेत. पूर्ण जोडीचा नांगर ओढायला आठ बैल लागत. एवढी लांब रांग पट्ट्याच्या टोकाला एकदम वळत नाही. म्हणून नांगऱ्या आधीपासूनच वळण घ्यायला लागायचा. तेच वळण जमिनीत कायमचं उमटलं.

या शेतीचा एक धागा थेट महाराष्ट्रातल्या जमिनीपर्यंत येतो. बैलांच्या नांगराने एका दिवसात होणारं काम हे एकराचं मूळ माप. त्याचा ठरावीक आकार २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद. २२० यार्डांना ‘फर्लांग’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थच ‘एका तासाची लांबी’ असा आहे. इथे तास म्हणजे घड्याळातला नव्हे, नांगराचा. क्रिकेटच्या पिचची लांबी २२ यार्ड असते, म्हणजे बरोबर एकराच्या पट्ट्याची रुंदी. सतराव्या शतकात याच मापाची मोजणीची साखळी तयार झाली. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटी साखळी वापरली गेली. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर लिहिले जातात, पण व्यवहार बोलला जातो तो एकर-गुंठ्यातच.

शेतकऱ्याचं घर : झोपडी की पक्कं?

या उत्खननातला सर्वात मोठा वाद इथे आहे.

घरं उघडी केल्यावर हर्स्ट यांना दिसलं, की एकाच जागी भिंतींच्या अनेक रेषा एकमेकींवर आहेत. भिंतींना धड पाया नाही. काही ठिकाणी नव्या भिंतीची दिशाही बदललेली. त्यावरून निष्कर्ष निघाला, की घरं इतकी कच्ची होती की साधारण दर पिढीला ती पाडून नवी बांधावी लागत. मध्ययुगीन शेतकरी म्हणजे मोडक्या झोपडीतला दरिद्री माणूस, या चित्राला यामुळे पुरावाच मिळाला. पुढची कित्येक वर्षं हेच शिकवलं गेलं.

१९८९ मध्ये स्टुअर्ट रॅथमेल यांनी त्याच नोंदी पुन्हा तपासून वेगळा प्रश्न विचारला : छताचा भार भिंतीवर होताच, हे कशावरून?

उत्तर इंग्लंडमध्ये जुन्या घरांची ‘क्रक’ नावाची एक पद्धत आहे. नैसर्गिक बाक असलेलं झाडाचं खोड उभं चिरून त्याचे दोन सारखे भाग करायचे. ते समोरासमोर उभे करून वर जोडले, की कमानीसारखी चौकट तयार होते. अशा दोन-तीन चौकटी ओळीत उभ्या करून त्यांच्यावर आढं आणि वासे टाकायचे. सगळा भार लाकडावर. भिंत फक्त वारा-पाऊस अडवायला. ती ढासळली तर काढून नवी घालायची, वरच्या छताला धक्काही लागत नाही. लाकडी चौकट नुसत्या दगडावर टेकलेली असेल तर खांबाचा खड्डाही उरत नाही आणि खोदणाऱ्याला तिचा मागमूस लागत नाही.

म्हणजे ज्याला नवं घर समजलं गेलं, ती बऱ्याच ठिकाणी जुन्या घराची डागडुजी होती. भिंती बदलत गेल्या आणि चौकट पिढ्यान्पिढ्या तशीच उभी राहिली.

या म्हणण्याला पुढे स्वतंत्र पुरावाही मिळाला. मध्य इंग्लंडमध्ये आजही लोक राहत असलेल्या अशा अनेक घरांच्या लाकडातली वाढीची वर्तुळं मोजून नॅट अल्कॉक आणि डॅन माइल्स यांनी त्यांची वयं काढली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात यातली काही घरं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली निघाली. ती सरदारांची नव्हती, सामान्य शेतकऱ्यांची होती. ७०० वर्षं टिकलेल्या घराला झोपडी म्हणणं कठीण आहे.

घरात काय काय सापडलं?

बऱ्याच घरांत मधोमध चूल होती. धुराडं नव्हतं, धूर छतातून बाहेर जायचा. पण घर घाणेरडं नव्हतं. इतक्या वेळा झाडलं जायचं की जमीन मधे झिजून खोलगट झाली होती. शेकडो वर्षं मारलेल्या झाडूचा हा पुरावा.

कुलपं आणि किल्ल्याही मिळाल्या. दाराला कुलूप लागतं म्हणजे आत राखण्यासारखं काहीतरी असतं. समुद्री माशांची हाडं मिळाली. पठारावरचा शेतकरी मासे पिकवत नव्हता, म्हणजे तो बाजारात जाऊन विकत घेत होता.

चित्र गोडगुलाबीही नव्हतं. चर्चच्या आवारात जवळपास ७०० सांगाडे मिळाले. मुलांच्या हाडांवरून कळतं, की १४ वर्षांच्या मुलाची उंची आजच्या १० वर्षांच्या मुलापेक्षा फारशी जास्त नव्हती. घर भक्कम होतं, ताटातलं अन्न मात्र पुरेसं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच गावात खऱ्या होत्या.

माणसं आणि जनावरं खरंच एका छताखाली राहत?

अनेक ठिकाणी, हो. अशा लांब घराला ‘लाँगहाउस’ म्हणतात. मधे आडवा बोळ, त्याच्या एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला गुरं. याचं स्पष्ट उदाहरण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या डार्टमूर या डोंगराळ भागात, हाउंड टॉर इथे आहे. १९६१ ते १९७५ दरम्यान तिथे उत्खनन झालं. ग्रॅनाइटच्या दगडांची घरं उतारावर बांधलेली आहेत आणि गोठा नेहमी खालच्या अंगाला. गोठ्याच्या मधून दगडी गटार काढलेलं, म्हणजे मूत आणि घाण माणसांकडे न येता बाहेर जाई. थंडीत जनावरांची ऊबही मिळे. तिथल्या कोठारांत धान्य वाळवायच्या भट्ट्याही सापडल्या. ओल्या हवेत कापणी झालेलं धान्य उन्हावर वाळणं कठीण होतं.

चुकार जनावरांसाठी इंग्लंडच्या गावांत दगडी कुंपणाची सार्वजनिक जागा असे. ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये भारतात गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला, त्यातून कोंडवाड्यांना सरकारी चौकट मिळाली.

मग गाव कशामुळे उठलं?

१३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची मोठी लोकसंख्या मारली. व्हॅरम पर्सीलाही त्याची झळ बसली. पण गाव त्यानंतर दीडशे वर्षं चालू राहिलं. घरं दुरुस्त होत राहिली, शेतं नांगरली जात राहिली.

घसरण चर्चच्या भिंतीत वाचता येते. बाराव्या-तेराव्या शतकांत गाव वाढत होतं, तेव्हा चर्चला बाजूच्या ओवऱ्या जोडून ते मोठं केलं गेलं. नंतर माणसं कमी झाली, तेव्हा त्या ओवऱ्या पाडून कमानी दगडांनी बुजवल्या. बुजवलेल्या कमानी आजही दिसतात.

प्लेगनंतर मजूर कमी उरले आणि मजुरी वाढली. खाणारी तोंडं कमी झाल्याने धान्याला पूर्वीसारखा भाव उरला नाही. त्याच वेळी लोकरीला आणि कापडाला मागणी होती. शेतीला नांगऱ्ये, बैल आणि कापणीला डझनावारी माणसं लागत. मेंढ्यांच्या शेकड्यांच्या कळपाला मोजके मेंढपाळ पुरत. जमीनदाराच्या वहीतला हिशेब सरळ होता : कुळं उठवा, शेतांना कुंपण घाला, मेंढ्या सोडा.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हॅरम पर्सी हे पर्सी घराण्याकडून हिल्टन घराण्याकडे गेलं. शतकाच्या अखेरीस उरलीसुरली कुटुंबं उठवली गेली. १५१७ च्या सरकारी चौकशीत बॅरन हिल्टन यांच्या नावावर इथली चार घरं पडू दिल्याची आणि चार नांगर थांबवल्याची नोंद आहे. ‘नांगर थांबवला’ म्हणजे एका नांगराने होणारी सगळी शेती बंद केली.

सरकारने काहीच केलं नाही का?

कायदा केला. राजा सातव्या हेन्रीच्या काळात, १४८९ मध्ये गावं उठवण्याविरुद्ध कायदा झाला. कर देणारी आणि लढाईला जाणारी माणसं कमी होतील, ही सरकारची भीती होती. १५१५ मध्ये पुन्हा कायदा आला आणि १५१७ मध्ये कार्डिनल वोल्सी यांनी चौकशी आयोग नेमला. त्याआधी एकच वर्ष थॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’ या पुस्तकाने माणसं गिळणाऱ्या मेंढ्यांवर बोचरी टीका केली होती.

पण चौकशी झाली तेव्हा बरीच गावं आधीच उठली होती. ज्या कुळांचा जमिनीवरचा हक्क नोंदलेला आणि पक्का होता त्यांना हलवणं अवघड होतं. ज्यांचा हक्क मालकाच्या मर्जीवर होता, ते पहिले गेले.

आता अशी गावं कशी शोधली जातात?

बेरेसफर्ड यांच्या पिढीला हवाई छायाचित्रांनी मोठी मदत केली. सकाळ-संध्याकाळी सूर्य खाली असताना विमानातून फोटो काढले, की फूटभर उंचीचा बांधही सावलीमुळे उठून दिसतो. आता हेच काम ‘लायडार’ करतो. विमानातून लेझरचे असंख्य झोत जमिनीवर सोडायचे आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून उंची काढायची. झाडांचे बिंदू वगळले की जंगलाखालची जमीनही उघडी होते. मग संगणकावर हव्या त्या दिशेने ‘सूर्य’ ठेवून सावल्या पाडता येतात. इंग्लंडची पर्यावरण यंत्रणा हा डेटा मोफत देते. त्यामुळे घरबसल्या जुनी शेतं शोधणारे हौशी लोकही आहेत.

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

आपल्या महसुली कागदपत्रांत वस्ती नसलेल्या गावांना ‘बेचिराग’ म्हणतात. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही, ते गाव. नाव आहे, शीव आहे, जमिनी आहेत, पण माणसं नाहीत. व्हॅरम पर्सीसाठी याहून नेमका शब्द सापडणार नाही.

शेतकऱ्यांची घरं थर सोलून उघडी करण्याचं मोठं काम महाराष्ट्रातही झालं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं. ते गाव ताम्रपाषाण युगातलं, म्हणजे व्हॅरम पर्सीहून दोन हजारांहून अधिक वर्षांनी जुनं. पण प्रश्न तेच होते : शेतकरी कसल्या घरात राहायचा, काय खायचा आणि गाव का उठलं?

व्हॅरम पर्सीचं खोदकाम १९९० मध्ये थांबलं, पण त्याच्या अहवालांचा तेरावा आणि शेवटचा खंड २०१२ मध्ये आला. एवढं करूनही गावाचा थोडाच भाग खणला गेला आहे. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरच्या नांगराखाली असे बरेच जुने पट्टे आणि बांध सपाट झाले. व्हॅरम पर्सीचे बांध राहिले, कारण गाव उठल्यावर तिथे पुन्हा फारसा नांगर फिरला नाही. माळ चराईसाठीच राहिला. ज्या मेंढ्यांसाठी माणसं उठवली गेली, त्यांच्याच चराईने त्या माणसांच्या घरांच्या खुणा जपल्या.